सोफोमोर वर्षासाठी ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम कसा निवडावा: टेक्सासमधील एका मराठी आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडते, कारण पुढचे सगळे उत्तर त्या तपशिलांवर उभे आहे. तुमचे कुटुंब मूळचे नगरचे, गेली सहा वर्षे डॅलसजवळ राहते. मुलीची नववी पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, झाली आहे आणि ऑगस्टपासून तिचे दहावीचे, म्हणजे इथल्या भाषेत सोफोमोर, वर्ष ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या आधारे घरीच करून घ्यावे असे तुम्ही दोघांनी ठरवत आणले आहे. शाळेत जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा झाल्यापासून ती घरी अवघड प्रश्न विचारू लागली, काही रविवारी उपासनेला यायला तयार झाली नाही, आणि त्यातून हा विचार पुढे आला. तिला नर्सिंगला जायचे आहे. तुम्ही अर्धवेळ नोकरी करता आणि केमिस्ट्री शिकवण्याचा धीर तुम्हाला होत नाही. म्हणून तुम्ही विचारता की कोणत्या प्रकाशकाचा पूर्ण संच घ्यावा, तो विद्यापीठे मान्य करतात का, आणि आणखी काय सांभाळावे.

टेक्सासमध्ये मी माझी तिन्ही मुले बारावीपर्यंत घरी शिकवली. आता आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कोऑपमध्ये (होमस्कूल करणारी कुटुंबे एकत्र येऊन वर्ग चालवतात त्या गटात) दर आठवड्याला केमिस्ट्रीच्या प्रयोगांना मदत करते आणि नव्या कुटुंबांचे वर्षाचे नियोजन व ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांची एकत्र गुणपत्रिका) तपासून देते. त्या अनुभवावरून माझे मत असे की या वर्षासाठी एकाच प्रकाशकाचा सगळ्या विषयांचा संच घेऊ नये. भूमिती, केमिस्ट्री आणि इंग्रजी लेखन या तीन विषयांची पुस्तके ती विषय किती चांगला शिकवतात एवढ्याच कसोटीवर निवडावीत. श्रद्धेचे शिक्षण बायबलच्या सलग वाचनात, इतिहासात आणि तिच्या प्रश्नांना दिलेल्या वेळात ठेवावे, आणि पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवाव्यात. पंधरा वर्षांच्या मुलीला आईवडिलांची श्रद्धा स्वतःची म्हणून पुन्हा घ्यावी लागते, आणि ते काम प्रत्येक धड्याच्या शेवटी छापलेल्या वचनाने होत नाही.

कायद्याची बाजू टेक्सासमध्ये सोपी आहे, म्हणून ती आधी संपवते. १९९४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात होमस्कूल ही खासगी शाळाच मानली. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि सुजाण नागरिकत्व हे पाच विषय शिकवले पाहिजेत, अभ्यासक्रम पुस्तके, कार्यपुस्तिका किंवा व्हिडिओ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे आणि शिकवणे प्रामाणिक असले पाहिजे, एवढ्याच अटी आहेत. राज्याकडे नोंदणी नाही आणि सक्तीची वार्षिक परीक्षाही नाही. मुलगी सध्या शाळेच्या पटावर असल्याने शाळेला लेखी पत्र देऊन तिचे नाव काढून घ्यावे लागेल. न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियातल्या नातेवाइकांचा अनुभव तुम्ही ऐकला असेल, तर तो इथे लागू होत नाही. तिथे वर्षाची योजना, अहवाल, मूल्यमापन हे सगळे द्यावे लागते. न्यू जर्सीत त्याच्या उलट जवळपास काहीच द्यावे लागत नाही. प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे आणि राज्य बदलले की नियमही बदलतात.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र सहसा कोणी आधी सांगत नाही. दहावीला शाळा सोडणे हा व्यवहारात तीन वर्षांचा निर्णय असतो. घरी केलेल्या दहावीचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, पुढे पब्लिक स्कूल जसेच्या तसे स्वीकारेलच असे नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपल्या नियमांनुसार ते तपासते, आणि अनेकदा विषयवार परीक्षा द्यायला लावते. तेव्हा 'एक वर्ष करून पाहू, नाही जमले तर अकरावीला परत पाठवू' असा विचार मनात असेल, तर आजच डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात जाऊन त्यांची पद्धत लेखी विचारून घ्या. त्याच फेरीत नववीच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टची प्रतही घ्या. ती चार वर्षांच्या कागदपत्रांतले पहिले पान ठरेल.

आता अभ्यासक्रमांकडे वळते. बाजारात जी मोठी ख्रिस्ती नावे आहेत त्यांची घडण समजली की निवड सोपी होते. फ्लोरिडातील पेन्साकोलाचे अबेका आणि साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिलचे बीजेयू प्रेस ही दोन्ही १९७० च्या दशकात ख्रिस्ती शाळांच्या वर्गांसाठी उभी राहिली. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचा वेग, रोजचा गृहपाठ आणि चाचण्या या सगळ्यांमागे वीस मुलांचा वर्ग आणि पूर्णवेळ शिक्षक गृहीत धरलेला आहे. १९७० मध्ये टेक्सासमध्येच सुरू झालेल्या एसीई (अॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) या अभ्यासक्रमाची रीत निराळी आहे. वर्षाला एका विषयाच्या बारा पुस्तिका असतात, त्या मूल स्वतः सोडवते, स्वतः तपासते आणि पुढे जाते. अल्फा ओमेगाच्या लाइफपॅकमध्ये अशाच दहा पुस्तिका असतात. नोकरी करणाऱ्या आईला ही पद्धत सोयीची वाटते, आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाला ती खरोखर सावरते. परंतु रिकाम्या जागा भरण्याची सवय लागलेल्या मुलीला सलग तीन पाने लिहायला सांगितली की तिची अडचण होते, आणि तुमच्या मुलीला पुढे सलग लिहायचेच आहे. तिसरी वाट साहित्य आणि इतिहास एकत्र वाचण्याची आहे. टेनेसीतल्या नॉटग्रासचा जगाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटतो. तीस घटक, दीडशे पाठ, आणि त्यातूनच इतिहास, इंग्रजी साहित्य व बायबल अशी तीन क्रेडिट होतात. अभिजात शिक्षणाची चौथी वाट, म्हणजे लॅटिन, तर्कशास्त्र आणि वादविवाद, क्लासिकल कन्व्हर्सेशन्स किंवा मेमोरिया प्रेसकडे आहे. ती उत्तम आहे, पण दहावीत नव्याने शिरणाऱ्या मुलीला लॅटिनची मागची तयारी नसल्याने पहिले वर्ष जड जाते. वसई-गोव्याकडील कॅथलिक कुटुंबे मला विचारतात तेव्हा मी त्यांना व्हर्जिनियातील सेटन होम स्टडी स्कूल पाहायला सांगते. ती अधिस्वीकृती (अॅक्रेडिटेशन, म्हणजे शाळांना मान्यता देणाऱ्या बाहेरच्या मंडळाची मान्यता) असलेली कॅथलिक संस्था आहे आणि गुणपत्रिका संस्थाच देते.

संच का नको म्हणते ते माझ्या मोठ्या मुलाच्या वर्षावरून सांगते. तो दहावीत गेला तेव्हा मी एका प्रकाशकाचे सगळे विषय एकदम मागवले. दोन खोकी आली, आणि ती पाहून मला वाटले की आता वर्ष मार्गी लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस तो प्रत्येक विषयात तीन आठवडे मागे होता. रात्री दहाला त्याचा इतिहासाचा गृहपाठ चालू असे आणि मी वेळापत्रक हातात घेऊन त्याच्या डोक्याशी उभी असे. त्याच्या गणिताची पातळी पुस्तकाच्या पुढे होती, लेखनाची मागे होती, आणि संचात दोन्ही एकाच मापाने आले होते. सर्वांत वाईट हे झाले की बायबलचा विषय त्या गर्दीत आणखी एक चाचणी होऊन बसला. राजांची नावे क्रमाने पाठ करायची आणि शुक्रवारी लिहून द्यायची. नाताळच्या सुट्टीत त्याने मला सांगितले, ''आई, मला बायबल वाचायला आवडायचे, आता आवडत नाही.'' जानेवारीत मी निम्मी पुस्तके बंद केली. दोष प्रकाशकाचा नव्हता. वर्गासाठी केलेली वस्तू मी घरात जशीच्या तशी वापरत होते.

तुमच्या मुलीसाठी विषयवार बोलायचे तर गणितात 'बीजगणित एक' (अल्जेब्रा १) हा विषय झाला असेल असे धरते, म्हणजे यंदा भूमिती. इथे ख्रिस्ती पुस्तकाचा आग्रह धरण्याचे काही कारण मला दिसत नाही. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय सगळ्यांसाठी एकच आहे. पाहायचे ते इतकेच की पुस्तकात सिद्धता खरोखर लिहायला लावली आहे का, कारण आजकाल अनेक पुस्तके सिद्धता दाखवतात आणि विद्यार्थ्याकडून फक्त आकडेमोड करून घेतात. सॅक्सनचे पुस्तक जुने मिळाले तर आवृत्ती तपासून घ्या. तिसऱ्या आवृत्तीत भूमिती स्वतंत्र नाही, ती बीजगणिताच्या आणि त्यापुढच्या पुस्तकांत विभागलेली आहे, आणि चौथ्या आवृत्तीत भूमितीचे वेगळे पुस्तक आहे. हे लक्षात न आल्याने ट्रान्सक्रिप्टवर भूमितीचे क्रेडिट कोठे दाखवायचे या पेचात सापडलेली दोन कुटुंबे मी पाहिली आहेत.

केमिस्ट्रीची भीती मला समजते, कारण मीही कला शाखेची. होमस्कूल करणाऱ्या ख्रिस्ती घरांत सर्वाधिक दिसणारे पुस्तक अपोलोजियाचे आहे. त्यात सोळा प्रकरणे आहेत, साधारण दोन आठवड्यांना एक, आणि भाषा थेट विद्यार्थ्याशी बोलणारी आहे. त्या मालिकेचे मूळ लेखक डॉ. जे वाइल यांनी पुढे बेरियन बिल्डर्सच्या नावाने नवे केमिस्ट्रीचे पुस्तक लिहिले, आणि प्रयोगांच्या दृष्टीने मला ते अधिक नीटस वाटते. नोव्हारेची पुस्तके ख्रिस्ती दृष्टीचीच आहेत, मात्र पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असा आग्रह त्यांत नाही. वाचायचे घरी आणि प्रयोग कोऑपमध्ये, अशी विभागणी करा. प्रयोगशाळेच्या तासांना ब्युरेट, तराजू आणि एक जाणता माणूस लागतो, आणि ही तिन्ही स्वयंपाकघरात एकत्र मिळणे अवघड असते. नर्सिंगसाठी केमिस्ट्री प्रयोगांसह झालेली असणे फार मोलाचे आहे, म्हणून प्रत्येक प्रयोगाची वही, तारखेसह, जपून ठेवा. माझ्या मुलीला एका कॉलेजने प्रवेशाच्या वेळी प्रयोगांचा तपशील मागितला तेव्हा माझ्याकडे पुस्तक होते, गुण होते, पण वही नव्हती. फोटो आणि जुनी कॅलेंडरे शोधून तो तपशील उभा करण्यात आमचे दोन आठवडे गेले.

आता ज्या प्रश्नावरून हे सगळे सुरू झाले त्याकडे येते. उत्क्रांतीचा धडा टाळणारे पुस्तक घेतले तर तिचे प्रश्न थांबतील असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे होणार नाही, कारण तो धडा तिने वाचलेला आहे. अबेका, बीजेयू आणि अपोलोजिया यांची जीवशास्त्राची पुस्तके बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाचा अक्षरशः अर्थ घेऊन लिहिलेली आहेत. तुमच्या मंडळीची तीच धारणा असेल तर ती तिला तुमच्याकडूनच, कारणांसह आणि शांतपणे कळू द्या. पण नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला उत्क्रांतीचा सिद्धांत शास्त्रज्ञ ज्या शब्दांत मांडतात त्या शब्दांत माहीत असलाच पाहिजे. विरोधकाने करून दिलेला त्याचा सारांश पुरेसा नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचे ओपनस्टॅक्स जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके विनामूल्य देते. ज्या घरांत ख्रिस्ती पुस्तक वापरले जाते त्यांना मी त्याच्या शेजारी हे पुस्तक ठेवायला सांगते. दोन्हीतील एकच प्रकरण वाचावे आणि कोण कोणत्या पुराव्यावर काय म्हणतो ते दोन रकान्यांत लिहावे. कॅथलिक कुटुंबांना हा ताण कमी असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ गृहीतकापेक्षा अधिक आहे असे म्हटले होते. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्येही प्रामाणिक, प्रार्थनाशील माणसे या बाबतीत वेगवेगळी मते बाळगतात, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले तर तिला घर आणि शाळा यांतून एक निवडायची वेळ येणार नाही. तुमची भीती खरी आहे हे मी जाणते. परंतु माझ्या ओळखीच्या ज्या मुलांनी कॉलेजात जाऊन श्रद्धा सोडली, त्यांतील बहुतेकांची तक्रार हीच होती की दुसरी बाजू आपल्याला घरी खरी सांगितली गेली नाही.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. २००५ मध्ये ख्रिस्ती शाळांच्या एका संघटनेने कॅलिफोर्निया विद्यापीठावर खटला भरला, कारण अबेका व बीजेयूच्या काही पुस्तकांवर आधारलेले विषय विद्यापीठ प्रवेशासाठी धरत नव्हते. २००८ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या पुस्तकांनी शिकलेली मुले कोठेच प्रवेश मिळवू शकत नाहीत असा याचा अर्थ नाही. टेक्सासच्या कायद्याने सरकारी विद्यापीठांना होमस्कूलच्या विद्यार्थ्याशी इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच वागावे लागते, आणि माझी तिन्ही मुले सरकारी विद्यापीठांतच गेली. अर्थ इतकाच की 'हे विद्यापीठे मान्य करतात का' या प्रश्नाचे उत्तर प्रकाशक देऊ शकत नाही. ते तुमच्या यादीतील चार-पाच कॉलेजांच्या प्रवेश कार्यालयांकडून घ्यावे लागते, आणि त्यासाठी दहावीचा उन्हाळा हीच योग्य वेळ आहे.

इतिहासात यंदा बहुतेक ठिकाणी जगाचा इतिहास असतो. अमेरिकी ख्रिस्ती प्रकाशकांच्या पुस्तकांत भारताला काही पाने मिळतात, आणि त्यांतही ख्रिस्ती भारत म्हटले की संत थोमा, विल्यम कॅरी आणि पुढे फारसे काही नाही. इथे तुमच्या हाती असा खजिना आहे जो टेक्सासच्या कोणत्याही खोक्यात येत नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्यांना पाठवणारे मंडळ बोस्टनचे होते, आणि नगरचे केंद्र १८३१ मध्ये उभे राहिले. म्हणजे तुमच्या मुलीच्या घराण्याची श्रद्धा आणि ती आज ज्या देशात राहते तो देश यांचा संबंध दोनशे वर्षांचा आहे. आपल्या पणजोबांचे नाव कोणत्या मंडळीच्या नोंदीत आहे, तिथे कोणत्या शाळा होत्या, मिशनरींचे काय बरोबर होते आणि काय चुकले, यावर तिने वर्षभरात वीस पानांचा एक प्रबंध लिहावा. आजी-आजोबांच्या मुलाखती फोनवर, मराठीत घ्याव्यात. इतिहास, संशोधन, लेखन आणि मराठी ही चारही कामे त्यात होतात. त्या अमेरिकी मंडळाची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, हे कळल्यावर माझ्या धाकट्या मुलाचे डोळे कसे चमकले होते ते मला अजून आठवते.

आणि पंडिता रमाबाई. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, जवळपास तीन वर्षे या देशात फिरल्या आणि १८८९ मध्ये अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी बाईच्या नजरेने पाहिलेली अमेरिका, तीही मराठीत, दहावीच्या मुलीला आणखी कोठे मिळणार? परंतु तुमच्या मुलीसाठी मी रमाबाई सुचवते याचे मुख्य कारण वेगळे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनी तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून एकामागून एक प्रश्न विचारले. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची सत्ता, काहीही न तपासता स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. त्या भगिनींना याचा त्रास झाला. पुढे याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. प्रश्न विचारणारी मुलगी श्रद्धेपासून दूर चालली आहे असे ज्या आईला वाटते, तिने ती पत्रे मुलीबरोबर वाचावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बायबलच्या विषयाला क्रेडिट द्यावे का, असे मला प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी विचारते. द्यावे, ऐच्छिक विषय म्हणून द्यावे. पण गुण ज्ञानाला द्यावेत, श्रद्धेला कधीही देऊ नयेत. अश्शूर आणि बाबेल यांतला फरक, संदेष्ट्यांचा काळ, पौलाच्या प्रवासांचा नकाशा, रोमकरांस पत्रातील युक्तिवादाचा क्रम, यांची परीक्षा घेता येते. ती प्रार्थना करते का, तिला पश्चात्ताप होतो का, हे तुमच्या गुणपत्रिकेचे काम नाही, आणि त्याचे गुण द्यायला लागलात तर मुलगी उत्तर लिहायला शिकेल, खरे बोलायला नाही. या वर्षासाठी मी जुना करार सलग वाचायला सांगेन, आणि हिवाळ्यात ईयोब, उपदेशक, हबक्कूक व ७३ वे स्तोत्र यांवर सावकाश थांबायला सांगेन. या शास्त्रभागांत देवालाच प्रश्न विचारले आहेत. तिचे प्रश्न शास्त्राबाहेरचे नाहीत, हे तिला त्यांतून कळेल. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतरे समोर ठेवा. एकाच ओळीचे दोन अर्थ दिसले की मूल आपोआप विचार करू लागते. रविवारच्या उपासनेचा प्रश्न अभ्यासक्रमात गोवू नका. तो तुमच्या घराचा नियम आहे, शाळेचा नव्हे, आणि तो पाळककाकांच्या मदतीने वेगळा हाताळा.

इंग्रजीसाठी फार लिहीत नाही. दर दोन आठवड्यांना एक निबंध, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी वाचून परत दिलेला, एवढे झाले तर कोणतेही पुस्तक चालते. परकीय भाषेचे दुसरे वर्ष, बहुधा स्पॅनिशचे, चालू ठेवा, कारण अनेक कॉलेजे एकाच भाषेची दोन वर्षे मागतात आणि टेक्सासच्या रुग्णालयांत स्पॅनिशचा उपयोग रोज होतो. मराठी ही त्याशिवाय अधिकची भाषा म्हणून ट्रान्सक्रिप्टवर लिहिता येते, मात्र तासांची नोंद आणि तिने मराठीत लिहिलेले काम जवळ हवे.

नोंदींबद्दल आता. एक क्रेडिट म्हणजे साधारण १२० तासांचे काम, हे कार्नेगी युनिटचे जुने माप अजूनही चालते. पाठ्यपुस्तकाचे तीन चतुर्थांशांहून अधिक काम पूर्ण झाले तरी विषय पूर्ण मानण्याची रीत आहे. प्रयोगांच्या विषयाला मी तास थोडे जास्तच धरते. ट्रान्सक्रिप्ट एका पानाची असावी. विषयाचे नाव, वर्ष, क्रेडिट, श्रेणी, चार गुणांच्या मापावरील सरासरी आणि खाली पालकाची सही, एवढे पुरते. तिच्या मागे प्रत्येक विषयाचे पाच-सहा ओळींचे वर्णन ठेवा: कोणते पुस्तक, कोणते प्रयोग, गुण कसे दिले. ही वर्णने जूनमध्ये लिहा, बारावीत नव्हे. आणि श्रेणी देताना आईचे मन बाजूला ठेवा. घरची सगळी ए आणि बाहेरच्या परीक्षेत मध्यम गुण, हे चित्र प्रवेश कार्यालयाला लगेच दिसते.

म्हणूनच बाहेरचा एखादा पुरावा दहावीपासूनच जमवायला सुरुवात करावी. पीएसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची पूर्वपरीक्षा, ऑक्टोबरमध्ये असते. होमस्कूलच्या मुलीला जवळच्या शाळेत बसू देण्याची विनंती ऑगस्टमध्येच करावी लागते, आणि राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी अकरावीचेच गुण धरले जात असल्याने यंदाची परीक्षा केवळ सरावाची आहे. एपी परीक्षा (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची विषयवार परीक्षा) द्यायची असेल तर मे महिन्याच्या परीक्षेची मागणी आदल्या शरद ऋतूत, नोव्हेंबरच्या आत, शाळेमार्फत नोंदवावी लागते. तुमच्या मुलीसाठी मला त्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजचा, मार्ग अधिक योग्य वाटतो. वसंत सत्रात डॅलस कॉलेज किंवा कॉलिन कॉलेजमध्ये, तिथली प्रवेश चाचणी देऊन, एखादा सोपा विषय ड्युअल क्रेडिट म्हणून, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाईल असा, घ्यावा. अकरावी-बारावीत तिथेच शरीररचनाशास्त्र घेता आले तर नर्सिंगच्या अर्जात त्याला वजन असते. पण ज्या नर्सिंग कॉलेजात ती जाऊ पाहते ते हे क्रेडिट धरते का, हे आधी विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण व्हिसावर असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी ती सांगते. पुढील दोन वर्षांत भारतात परतण्याची थोडीही शक्यता असेल, तर आईच्या सहीची ट्रान्सक्रिप्ट तिथे उपयोगी पडेल यावर विसंबू नका. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशाला दहावीची मान्यताप्राप्त गुणपत्रिका लागते. अशा घरांनी अधिस्वीकृती असलेल्या संस्थेमार्फत वर्ष करावे, आणि त्या संस्थेची गुणपत्रिका भारतात समकक्ष धरली जाईल का ते आधी लेखी विचारून घ्यावे. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, माध्यमिक परीक्षेची माहिती आधीच घ्यावी. तुमच्या बाबतीत परतण्याची शक्यता खरी असेल, तर वर जो संच न घेण्याचा सल्ला दिला तो मी मागे घेते आणि अधिस्वीकृत संस्थेत नाव घाला असे सांगते, मग ती रोजच्या कामाने थोडी जड गेली तरी चालेल.

खर्चाचे बोलायचे तर जुनी पुस्तके घ्या. डॅलसच्या हाफ प्राइस बुक्समध्ये आणि मंडळ्यांच्या उन्हाळी पुस्तक विक्रीत भूमिती-इतिहासाची पुस्तके निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. केमिस्ट्रीचे उत्तरांचे पुस्तक मात्र त्याच आवृत्तीचे आहे ना, ते पाहा. वाचलेले पैसे प्रयोगांच्या तासांवर खर्च करा.

तुमच्या अर्धवेळ नोकरीबरोबर हे बसते का, तर बसते. तुम्ही घरी असता त्या सकाळी बायबल, इतिहास आणि निबंधावरचे बोलणे ठेवा. तुम्ही कामावर असता त्या वेळी भूमिती, केमिस्ट्रीचे वाचन आणि स्पॅनिश ती एकटी करू शकते. आठवड्याचा एक दिवस कोऑपचा. रोज पाच ते सहा तास पुरतात, आणि शुक्रवारी दुपारी तिच्याबरोबर बसून आठवड्याच्या नोंदी तिच्याच हाताने लिहून घ्या.

शाळेला पत्र देण्याआधी एक करा. केमिस्ट्रीच्या दोन पुस्तकांची नमुना प्रकरणे प्रकाशकांच्या संकेतस्थळावरून छापून घ्या, ती तिला द्या, आणि आठवडाभराने तिला कोणते समजले ते विचारा. त्याच वेळी घरी शिकायला ती स्वतः तयार आहे का, तेही विचारा, आणि उत्तर नाही असे आले तर कारण पूर्ण ऐकून घ्या. तिच्या मनाविरुद्ध शाळा सोडवली तर उत्तम पुस्तकेही टेबलावर पडून राहतात, हे मी आमच्या कोऑपमध्ये पाहिले आहे. ती तयार असेल, तर तिच्या नववीच्या ट्रान्सक्रिप्टची प्रत आणि तिने निवडलेले प्रकरण घेऊन या. भूमितीचे पुस्तक आणि प्रयोगांचे वेळापत्रक आपण तिघी एका शनिवारी बसून ठरवू.